शिरेतून दिलेले अन्न आणि त्यावर पोसणारी बुरशी

बंगळुरूच्या उत्तर सीमेवर, जक्कूर येथे, जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. तेथे कौस्तुव सान्याल यांच्या गटाने देशी-विदेशी सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास २०२० मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय होता मॅलासेझिया या यीस्टच्या गुणसूत्रांचा. या कुळाच्या पूर्वजाकडे नऊ गुणसूत्रे असावीत. आजच्या जातींमध्ये मात्र कोठे नऊ, कोठे आठ, सात, तर कोठे सहाच आढळतात. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्राला ओढून नेणारा जो बिंदू असतो, तोच तुटल्यामुळे किंवा निष्क्रिय झाल्यामुळे ही संख्या घटत गेली, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

हा प्रश्न वरकरणी केवळ उत्क्रांतीचा वाटतो. परंतु मॅलासेझिया ही कोणी दूरची, अनोळखी बुरशी नव्हे. ती आपल्या प्रत्येकाच्या टाळूवर आणि त्वचेवर राहते. कोंड्याशी तिचा संबंध जोडला जातो. तिचे वैशिष्ट्य असे की मेदाम्ले तयार करणारे जनुकच तिच्यापाशी नाही. स्वतःचा स्निग्धांश तिला घडवता येत नाही. तो दुसऱ्याकडून घ्यावा लागतो. टाळूवर तो तेलग्रंथींतून मिळतो. रुग्णालयात मात्र अशा स्निग्धांशाची एक भरलेली बाटली रुग्णाच्या उशाशी टांगलेली असते आणि तिची नळी थेट मोठ्या शिरेत उतरलेली असते.

ज्याला तोंडाने अन्न घेता येत नाही, अशा रुग्णाला शिरेवाटे स्निग्ध पदार्थ देणे हा आधुनिक वैद्यकाचा मोठा विजय आहे. त्याच विजयाने बुरशीला रक्तात शिरण्याची वाट मिळाली. गेली पन्नास वर्षे ही वाट बंद करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा हा संक्षिप्त इतिहास.

तेल रक्तात मिसळावे कसे?

१६५६ मध्ये ख्रिस्तोफर रेन या इंग्रज शास्त्रज्ञाने, जो पुढे वास्तुविशारद म्हणून विख्यात झाला, कुत्र्याच्या शिरेत द्रव सोडण्याचे प्रयोग केले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात विल्यम कोर्टन याने कुत्र्याच्या शिरेत ऑलिव्ह तेल घातले. श्वास कोंडून ते कुत्रे मेले. कारण उघड होते. तेल आणि रक्त एकमेकांत मिसळत नाहीत, आणि तेलाचे मोठे थेंब फुप्फुसांतील सूक्ष्म वाहिन्यांत अडकून बसतात. एकोणिसाव्या शतकात टोरोंटोच्या एडवर्ड हॉडर यांनी पटकीच्या रुग्णांना शिरेवाटे दूध देऊन पाहिले. दुधात स्निग्धांश बारीक कणांच्या रूपात विखुरलेला असतो, हे त्यामागील मर्म होते. पण तो उपचार टिकण्याजोगा नव्हता.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत सरकीच्या तेलाचे ‘लिपोम्युल’ नावाचे पायस वापरात आले. ताप, कावीळ आणि रक्तस्राव अशा त्रासांमुळे ते मागे घ्यावे लागले. यश मिळाले ते स्वीडनमध्ये. आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिडांच्या साह्याने पाण्यात विखुरले आणि कण अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान ठेवले. १९६२ मध्ये ‘इंट्रालिपिड’ स्वीडनमध्ये मान्य झाले. लिपोम्युलचा अनुभव ताजा असल्याने अमेरिकेने मात्र पुढे दशकाहून अधिक काळ स्निग्ध पायस दूर ठेवले.

त्यामुळे अमेरिकेत निराळा मार्ग निघाला. फिलाडेल्फिया येथे स्टॅन्ली डड्रिक आणि सहकाऱ्यांनी बीगल जातीची पिल्ले केवळ शिरेवाटे दिलेल्या अन्नावर वाढवून दाखवली. त्यानंतर आतड्याच्या जन्मजात दोषामुळे काहीही पचवू न शकणाऱ्या एका बालिकेला याच रीतीने पोसले. १९६८ मध्ये तो वृत्तांत प्रसिद्ध झाला. या अन्नात ऊर्जेचा मुख्य भार साखरेवर होता. इतके दाट साखरेचे द्रावण हाताच्या लहान शिरेला सोसत नाही. म्हणून नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत न्यावी लागे आणि ती आठवडेच्या आठवडे तेथेच राही. बुरशीच्या दृष्टीने हीच नळी पुढे महत्त्वाची ठरली.

स्निग्धांश टाळून का चालत नाही?

बुरशीला स्निग्धांश आवडत असेल तर तो देऊच नये, अशी सूचना विद्यार्थ्यांकडून सहज येते. ती अमलात आणता येत नाही. लिनोलेइक आम्लासारखी काही मेदाम्ले मानवी शरीर स्वतः घडवू शकत नाही. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या एक किलोच्या बाळाजवळ त्यांचा साठा जवळजवळ नसतो. पुरवठा थांबला तर काही दिवसांतच उणीव दिसू लागते. मेंदूची आणि डोळ्यांतील पडद्याची वाढ त्यांवर अवलंबून असते.

ऊर्जेचा हिशेबही असाच आहे. वीस टक्के स्निग्ध पायसाच्या एका मिलिलिटरमधून सुमारे दोन किलोकॅलरी मिळतात. दहा टक्के ग्लुकोजच्या एका मिलिलिटरमधून जेमतेम एक तृतीयांश. ज्या बाळाला दिवसाकाठी थोडेच द्रव देता येते, त्याच्यासाठी हा फरक वाढ होणे आणि न होणे यांमधील आहे. म्हणून बुरशी रोखण्याचा प्रत्येक उपाय हे अन्न चालू ठेवूनच शोधावा लागला.

धोक्याची पहिली चिन्हे

१९७१ मध्ये करी आणि क्वी या अमेरिकी वैद्यांनी शिरेवाटे पोषण घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात बुरशीचा संसर्ग होत असल्याचे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधून दाखवून दिले. त्या काळी रक्तातील जंतुसंसर्ग म्हटला की जिवाणूंचाच विचार होई. परंतु दाट साखर आणि अमिनो आम्ले यांच्या द्रावणात अनेक जिवाणूंची वाढ मंदावते. कॅन्डिडा या यीस्टला मात्र ते द्रावण मानवते.

त्यानंतर कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस ही जात वारंवार समोर येऊ लागली. १९२८ मध्ये प्वेर्तो रिको येथे बेली ॲशफर्ड यांनी ती प्रथम वेगळी केली, तेव्हा तिला निरुपद्रवी मानले गेले होते. १९७७ आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन तपासांत या यीस्टच्या साथींचा माग रुग्णालयाच्या औषध तयार करण्याच्या खोलीपर्यंत पोहोचला. तेथे पोषणद्रव्ये बाटल्यांत भरताना निर्वात पंप वापरला जाई, आणि तो पंपच दूषित होता. रुग्णाच्या खाटेपाशी कितीही काळजी घेतली तरी उपयोग झाला नसता. दोष बाटली भरण्याच्या टेबलावर होता. आज हे मिश्रण गाळलेल्या हवेच्या बंदिस्त कक्षात, प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून तयार व्हावे असा जो आग्रह धरला जातो, त्यामागे असे तपास आहेत.

मॅलासेझियाची पाळी १९८१ मध्ये आली. दीर्घकाळ इंट्रालिपिडवर असलेल्या एका अर्भकाच्या शवविच्छेदनात रेडलाइन आणि डाम्स यांना फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांमध्ये स्निग्धांशाचे थर आणि त्यांत रुतलेले यीस्ट दिसले. हा संसर्ग त्याआधी ध्यानात न येण्याचे एक साधे कारण आहे. रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या नेहमीच्या माध्यमात तेल नसते, आणि तेलाविना मॅलासेझियाच्या बहुतेक जाती उगवत नाहीत. माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर दिला की त्या दिसू लागतात. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाला रुग्ण स्निग्ध पायसावर आहे हे कळवले गेले नाही, तर तो हा थर देणार नाही आणि अहवाल ‘वाढ नाही’ असाच येईल.

घड्याळ आणि गाळणी

बुरशीच्या सवयी कळू लागल्या तसे त्यांवर बेतलेले नियम तयार झाले. निव्वळ स्निग्ध पायसात जंतू झपाट्याने वाढतात. तेच साखर आणि अमिनो आम्लांसह एकाच पिशवीत मिसळले तर वाढ मंदावते. यावरून वेळेच्या मर्यादा ठरल्या. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २००२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले की निव्वळ स्निग्ध पायस टांगल्यापासून १२ तासांत संपवावे, मिश्र पिशवी २४ तासांत संपवावी, आणि स्निग्ध पदार्थ वाहून नेणारी नळी २४ तासांच्या आत बदलावी.

दुसरा उपाय गाळणीचा. जिवाणू अडवणारी ०.२२ मायक्रोमीटर छिद्रांची गाळणी स्निग्ध पायसाला चालत नाही, कारण तेलाचे कण स्वतःच त्याहून मोठे असतात. १९९४ मध्ये अमेरिकेत पोषणद्रावणातील कॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकांमुळे काही रुग्ण दगावले, तेव्हा स्निग्ध मिश्रणांसाठी १.२ मायक्रोमीटरची गाळणी सुचवण्यात आली. हेतू स्फटिक अडवण्याचा होता. परंतु कॅन्डिडाच्या पेशी साधारणतः तीन ते सहा मायक्रोमीटरच्या असल्याने त्याही या गाळणीत अडकतात. मात्र गाळणीच्या पुढे, नळीच्या तोंडाशी किंवा त्वचेवर असलेल्या यीस्टला ती रोखू शकत नाही.

हातांचा प्रश्न

१९९८ मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील एका नवजात अतिदक्षता विभागाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पंधरा बाळांमध्ये मॅलासेझिया पॅकिडर्मॅटिस ही जात सापडली होती. ही जात मुख्यतः कुत्र्यांच्या त्वचेवर आणि कानांत राहते. तपासाअंती विभागातील कर्मचाऱ्यांच्या घरच्या कुत्र्यांवर तेच यीस्ट आढळले. ते हातांवरून बाळांपर्यंत आले असावे, असा निष्कर्ष निघाला. हात धुण्याची शिस्त कडक केल्यावर साथ आवरली.

२००६ मध्ये पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी मिशिगन राज्यातील १०३ अतिदक्षता विभागांचा अनुभव मांडला. उपाय पाचच होते : हात धुणे, नळी बसवताना संपूर्ण निर्जंतुक आच्छादन वापरणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो मांडीतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढून टाकणे. रक्तसंसर्गाचे प्रमाण दीड वर्षांत सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. यांतील एकही उपाय नवा नव्हता. ते प्रत्येक वेळी, न चुकता, यादी समोर ठेवून करणे नवे होते.

औषधांची बाजू : बंगळुरू, पिंपरी, मुंबई

बुरशीनाशक औषधांच्या इतिहासात स्त्रीवैज्ञानिकांचे आणि मातीचे स्थान मोठे आहे. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातील एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी मातीतील जिवाणूपासून निस्टॅटिन मिळवले. त्याच दशकात व्हेनेझुएलाच्या मातीतून ॲम्फोटेरिसिन बी आले.

आपल्या देशाने या प्रवाहात लवकर उडी घेतली. १९४० च्या दशकात बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात वनस्पतींवरील तांबेरा रोगाच्या बुरशींचा अभ्यास करणारे मं. जी. तिरुमलाचार पुढे पुण्याजवळील पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक उद्योगात आले. हा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला होता. तेथे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतील एका जिवाणूपासून बुरशीनाशक हॅमायसिन शोधले. औषधाच्या नावात कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत, तर जिवाणूच्या ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’ या नावात गावाचे नाव टिकून राहिले.

रक्तातील संसर्गावर मुख्य भिस्त मात्र ॲम्फोटेरिसिनवरच राहिली, आणि ते मूत्रपिंडाला इजा करते. त्यावर तोड निघाली ती स्निग्ध पदार्थांतूनच. फॉस्फोलिपिडांच्या सूक्ष्म कोशांत, म्हणजे लिपोसोमांत, हे औषध बसवले की इजा कमी होते. परदेशी औषधाची किंमत सामान्य भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी देशी लिपोसोमल ॲम्फोटेरिसिनवर प्रयोगशाळेपासून रुग्णांपर्यंत काम केले. इंट्रालिपिडमधील तेलकणांभोवती असलेले फॉस्फोलिपिड आणि या औषधाचे कवच हे रसायनदृष्ट्या एकाच घराण्यातील आहेत.

औषध आगाऊ देऊन संसर्ग टाळता येईल का, याचेही उत्तर शोधले गेले. २००१ मध्ये डेव्हिड कॉफमन आणि सहकाऱ्यांनी एक किलोहून कमी वजनाच्या १०० बाळांवरील चाचणी प्रसिद्ध केली. औषध न मिळालेल्या गटात २० टक्के बाळांना बुरशीचा गंभीर संसर्ग झाला. फ्लुकोनॅझोल मिळालेल्या गटात एकालाही नाही. हा परिणाम ठळक आहे. तथापि, ज्या विभागात संसर्ग मुळातच कमी आहे तेथे सर्वांना औषध देण्याचा लाभ कमी आणि बुरशी औषधाला दाद न देण्याचा धोका अधिक, हा हिशेब प्रत्येक ठिकाणी निराळा करावा लागतो.

भारतातील यीस्ट निराळे आहेत

हा हिशेब परदेशी आकड्यांवर करता येत नाही, हे आपल्या देशाच्या अनुभवाने दाखवले. १९९६ ते १९९८ या काळात चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत पिकिया ॲनोमला या क्वचित आढळणाऱ्या यीस्टची साथ आली. २३ महिन्यांत ३७९ नवजात बाळे आणि मुले बाधित झाली. हातांवरून संसर्ग पसरतो याविषयी कर्मचाऱ्यांचे शिक्षण आणि जोखमीच्या मुलांना आगाऊ निस्टॅटिन, या दोहोंनंतरच ती आटोक्यात आली.

त्याच संस्थेतील अरुणालोक चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २०११-१२ मध्ये देशभरातील २७ अतिदक्षता विभागांतून १,४०० रुग्णांची नोंद केली. दर हजार दाखल रुग्णांमागे ६.५१ जणांना कॅन्डिडाचा रक्तसंसर्ग होत होता. पाठ्यपुस्तके कॅन्डिडा अल्बिकन्सला अग्रस्थान देतात. भारतात सर्वाधिक, ४१.६ टक्के वाटा कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिसचा निघाला. तीस दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण ४४.७ टक्के होते. त्यांतील काही रुग्ण मूळ आजारानेही गेले असतील. तरी हा आकडा प्रतिबंधाचे मोल सांगण्यास पुरेसा आहे.

याच नोंदींत कॅन्डिडा ऑरिसही होते. २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णन झालेले हे यीस्ट २०१३ मध्ये दिल्लीतील दोन रुग्णालयांतील रुग्णांच्या रक्तात आढळल्याचे प्रसिद्ध झाले. ते खाटांच्या कठड्यांवर आणि उपकरणांवर दीर्घकाळ टिकते, आणि बहुधा फ्लुकोनॅझोलला जुमानत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची पहिली प्राधान्य यादी जाहीर केली, तेव्हा ऑरिस सर्वांत गंभीर गटात आणि ट्रॉपिकॅलिस त्याखालच्या गटात आले. बंगळुरूच्या जक्कूर येथील प्रयोगशाळेने मॅलासेझियाखेरीज याच ट्रॉपिकॅलिसच्या गुणसूत्रांचाही अभ्यास केला आहे, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी.

अन्नच राखणदार होईल का?

आतापर्यंतचे सर्व उपाय अन्नाभोवतीचे होते. गेल्या काही वर्षांत खुद्द अन्नाच्या घडणीकडे लक्ष गेले आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील महमूद घनूम यांच्या गटाने दाखवले की स्निग्ध पायसाच्या सान्निध्यात कॅन्डिडा अल्बिकन्सला तंतू फुटतात आणि नळीच्या पृष्ठभागावर त्याचा चिवट थर, म्हणजे जैवपटल, अधिक दाट होतो. अशा थरात दडलेल्या यीस्टपर्यंत औषध नीट पोहोचत नाही. म्हणूनच संसर्ग झाल्यावर नळी काढावी लागते.

२०१९ मध्ये टेनेसी विद्यापीठातील संशोधकांनी बाजारातील निरनिराळी पायसे ताडून पाहिली. सर्वांत हा थर सारखा वाढत नव्हता. सोयाबीन, नारळ वा पामच्या गराच्या तेलापासून मिळणारे मध्यम लांबीचे मेद, ऑलिव्ह आणि मासळीचे तेल यांच्या मिश्र पायसात तो कमी वाढला. याचे श्रेय त्यांनी कॅप्रिक आम्लाला दिले. दहा कार्बन अणूंचे हे मेदाम्ल यीस्टला तंतू फुटू देत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या खोबरेल तेलातही ते असते. अर्थात घरचे तेल आणि शिरेत देण्याजोगे निर्जंतुक पायस यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील आहेत. प्रत्यक्ष बाळांमध्ये संसर्ग कमी होतो का, हे चाचण्यांनीच ठरेल, आणि ट्रॉपिकॅलिस व ऑरिसचे वर्चस्व असलेल्या आपल्या विभागांत ते वेगळे तपासावे लागेल.

तोवर उपलब्ध साधने जुनीच आहेत : स्वच्छ कक्षात भरलेली पिशवी, वेळेवर बदललेली नळी, धुतलेले हात, आणि ‘ही नळी आज आवश्यक आहे का?’ हा रोज विचारलेला प्रश्न. बाळ आईचे दूध पुरेसे घेऊ लागले की शिरेवाटचे पोषण थांबवता येते. म्हणून दुधाचे पहिले थेंब लवकर सुरू करणे हाही बुरशीला रोखण्याचाच उपाय ठरतो. जीवशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्यांना यात पुढे काम करावेसे वाटेल, त्यांनी आपल्या जवळच्या रुग्णालयात कोणते यीस्ट किती वेळा सापडते याची नोंद होते का, हे आधी विचारावे. चंडीगडची साथ आणि २७ विभागांचा अभ्यास या दोहोंची सुरुवात अशाच नोंदींपासून झाली होती.